रविवारी रात्री अंगठा कापला तर: सोलापुरात छोट्या इमर्जन्सीचं बिल कसं बनतं

नऊ वर्षं मी सोलापुरातल्या एका खासगी रुग्णालयात बिलिंगच्या काचेमागं बसत होतो. काचेपलीकडून रोज एक प्रश्न ठरलेला: "एवढ्याशा जखमेला एवढे पैसे?" विचारणाऱ्याचं चुकत नव्हतं, पण त्याची नजर जखमेवर असायची आणि माझी बिलावर. जखमेच्या आकाराचा रकाना कुठल्याच बिलात नसतो. तुम्ही किती वाजता आलात, कुठल्या दारातून आत शिरलात आणि पहिल्या अर्ध्या तासात कशाकशाला मान हलवलीत, यावर आकडा चढतो.

हा लेख गावात नवीन आलेल्यांसाठी आहे. केगावला विद्यापीठात शिकायला आलेले, चिंचोळी किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कामाला लागलेले, बदली होऊन जुळे सोलापुरात भाड्यानं राहणारे. इथं जन्मलेल्याला कुठल्या वेळी कुणाचं दार वाजवायचं हे ठाऊक असतं. नवीन माणूस गुगलवर पहिलं दिसेल त्या दवाखान्यात जातो.

आधी एक गोष्ट. छातीत दाब येणं, तोंड वाकडं होणं, अचानक हातपाय लुळा पडणं, श्वास लागणं, शुद्ध हरपणं, दाबूनही न थांबणारं रक्त, साप चावणं, विष पोटात जाणं, या गोष्टी छोट्या इमर्जन्सीत मोडत नाहीत. तिथं हिशेब करत बसायचं नाही. १०८ लावा, जवळात जवळचं रुग्णालय गाठा. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून फुकट आहे, ड्रायव्हरला काही द्यावं लागत नाही. पुढचं सगळं त्या उरलेल्या दुखण्यांबद्दल, ज्यात जीव जाणार नसतो पण सकाळपर्यंत थांबवतही नाही. कापलं, भाजलं, मुरगळलं, उलट्या-जुलाब, पोराला एकशे तीन ताप, कुत्रं चावलं.

घरातली पहिली पाच मिनिटं

कापलं असेल तर स्वच्छ सुती कापड जखमेवर घट्ट दाबून दहा मिनिटं धरा. मध्ये उचलून "थांबलं का" बघू नका. हळद, कॉफी पावडर, चुना भरू नका. धर्माचा मुद्दा नाही, पैशाचा आहे. भरलेली जखम आधी घासून धुवावी लागते, वेळ जातो, सलाईनची बाटली जाते, आणि कधीकधी डॉक्टर म्हणतात की आज टाके नकोत, दोन दिवस ड्रेसिंग करू मग बघू. म्हणजे एका फेरीच्या तीन फेऱ्या झाल्या.

भाजलं तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट नको, शाई नको, बर्फही नको. कुत्रं चावलं तर साबण आणि वाहतं पाणी, पूर्ण पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. यातल्या कशालाच पैसा लागत नाही.

मग स्वतःला विचारा: हे सकाळपर्यंत थांबेल का? टाक्यांचं काम थांबत नाही. सहा-आठ तासांत टाके पडलेले बरे, जखम जितकी शिळी तितका जंतूंचा धोका. मुरगळलेल्या पायाचं मात्र बऱ्याचदा थांबतं. चार पावलं टाकता येत असतील, घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर दाबल्यावर कळ येत नसेल आणि पाय वाकडा दिसत नसेल, तर बर्फ लावा, उशीवर पाय ठेवा आणि झोपा. सकाळी दहाला हाडाच्या डॉक्टरांच्या ओपीडीत जाल ते रात्री साडेअकराला कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, जाण्यापेक्षा कितीतरी स्वस्तात पडतं. शिवाय सकाळी खुद्द हाडाचे डॉक्टर भेटतात.

निघताना आधार कार्ड, चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते एवढं बरोबर असू द्या. आणि एक शहाणं माणूस, ज्याच्या अंगात रक्त बघूनही भान राहतं. बिलाच्या दृष्टीनं हे माणूस सगळ्यात कामाचं.

कुठल्या दारातून आत जायचं

संध्याकाळी नऊच्या आत काही झालं तर पहिला मान गल्लीतल्या डॉक्टरांचा. सोलापुरात अजून पेठापेठांत असे दवाखाने आहेत जिथं पडद्यामागं एक टेबल असतं, त्यावर टाके, ड्रेसिंग, इंजेक्शन सगळं होतं. घर बदलून आलात की पहिल्या महिन्यातच, काही दुखत नसताना, असा एक डॉक्टर हेरून ठेवा. रात्री त्यांचा फोन लागतो का तेही विचारून घ्या. साध्या तापाला एकदा जाऊन या म्हणजे तुमचा कागद तिथं असेल.

महापालिकेची नागरी आरोग्य केंद्रं दिवसा असतात. 'आपला दवाखाना' नावाची केंद्रं दुपारनंतर रात्री दहापर्यंत चालवायची म्हणून काढलेली आहेत. तुमच्या भागातलं कुठं आहे ते आधी बघून ठेवा. ताप, खोकला, जुलाब, छोटी ड्रेसिंग यासाठी पुरे.

चोवीस तास उघडं आणि सगळ्यात स्वस्त म्हणजे सिव्हिल. पाटीवरचं नाव श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं. पण रिक्षावाल्याला एवढं लांब नाव सांगाल तर तो तुमच्याकडं बघत राहील. "सिव्हिल" म्हणा. इथं एक घोळ समजून घ्या. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, पण वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या खात्याखाली येतात, त्यांना तो निर्णय लागू नव्हता. त्यामुळं सिव्हिलला केसपेपरचे आणि काही तपासण्यांचे किरकोळ पैसे मागितले तर भांडायला जाऊ नका. ते किरकोळच असतात.

सिव्हिलला खरा खर्च वेळेचा. धाराशिव, कलबुर्गी, विजयपूरकडून गंभीर पेशंट येत असतात. तुमचा अंगठा कापलेला आणि शेजारच्या स्ट्रेचरवर ट्रकनं उडवलेला माणूस, मग तुमचा नंबर मागं जाणारच आणि जायलाच हवा. टाके घालणारा हात मात्र तिथं दिवसाला इतके टाके घालतो की सफाईची काळजी नको. माझं मत विचाराल तर कुत्रं, विंचू आणि मारामारी-अपघात यांसाठी सिव्हिल पहिलं.

सोलापूरची स्वतःची म्हणावी अशी एक तऱ्हा आहे, सहकारी रुग्णालयांची. साखर कारखाना सहकारी, बँक सहकारी, तसा दवाखानाही सहकारी. अश्विनी आणि मार्कंडेय ही नावं तुम्हाला पहिल्याच आठवड्यात ऐकू येतील. त्यांच्याखेरीज रेल्वे लाइन्सपासून होटगी रोडपर्यंत खासगी रुग्णालयांची रांग आहे. नाव सहकारी असो की खासगी, दर विचारूनच आत जा. बाहेरची इमारत बघून अंदाज बांधू नका. काचेच्या दर्शनी भागाचे पैसे कुणीतरी भरतच असतं.

दारात विचारायचे तीन प्रश्न

खासगी कॅज्युअल्टीत रात्री जो डॉक्टर भेटतो तो बहुधा आरएमओ, म्हणजे ड्युटीवरचा. तो बघतो, साधं काम स्वतः करतो, अवघड वाटलं तर तज्ज्ञाला घरून बोलावतो. "सरांना कॉल देतो" हे वाक्य ऐकलं की समजा मीटर पडलं. सर आले की व्हिजिट, रात्रीची असली तर बहुतेक ठिकाणी जास्त दराची. सर नुसते फोनवर बोलले तरी काही ठिकाणी लागते.

म्हणून काउंटरवर हे विचारा. तपासणीची फी किती, रात्रीची वेगळी आहे का? टाके ड्युटीवरचे डॉक्टर घालणार का कुणाला बोलावणार, बोलावलं तर त्यांचे किती? टाक्यांचे पैसे टाक्यावर आहेत का जखमेवर, आणि दोरा-सुई त्यात धरलीय का वेगळी? विचारायला लाजू नका. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत जानेवारी २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दिसेल अशी लावणं रुग्णालयांना बंधनकारक आहे. ते कधी रिसेप्शनमागं असतं, कधी कुंडीमागं. सापडलं नाही तर "दरपत्रक कुठं लावलंय?" एवढंच शांतपणे विचारा. मी काचेमागं असताना हा प्रश्न विचारणाऱ्याच्या बिलाकडं आम्ही दोनदा बघायचो. खोटं कशाला बोलू.

अपघात, मारामारी, भाजणं, विषबाधा असेल तर कागदावर 'एमएलसी' (मेडिको-लीगल केस) असा शिक्का पडतो, म्हणजे पोलिसांना कळवलं जातं. काही ठिकाणी त्याची वेगळी फी लावतात, ती विचारून घ्या. पण पोलीस येईपर्यंत उपचार थांबवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात हे स्पष्ट सांगितलंय. आधी जीव, मग कागद.

एका अंगठ्याचं बिल

समजा रविवारी रात्री दहा वाजता विळीवर कांदा चिरताना अंगठा कापला. चार टाके पडतील असा. खालचे आकडे कुठल्या एका दवाखान्याचे नाहीत, हिशेब कळावा म्हणून मांडलेत.

तपासणी, रात्रीच्या दरानं ४००. टाके १,२००. ड्रेसिंग २५०. एक्स-रे दोन बाजूंनी ६००. मेडिकलमधून दोऱ्याचं पाकीट, भूल, धनुर्वाताचं इंजेक्शन, हातमोजे, गोळ्या मिळून ९००. एकूण ३,३५०. हेच सात वाजता गल्लीतल्या डॉक्टरांकडं हजाराच्या आसपास उरकलं असतं.

आता एकेक ओळ उलगडू. एक्स-रे कशाला? काचेनं कापलं असेल तर तो हवाच, काचेचा तुकडा आत राहिला तर महिन्यानं पुन्हा चिरावं लागतं, आणि काच बहुतेक वेळा एक्स-रेत दिसते. अंगठा दारात चेमटला असेल तरी हवा. विळीनं सरळ कापलंय, हाड दुखत नाही, तर "एक्स-रेत काय बघायचंय डॉक्टर?" असं विचारायला हरकत नाही. उत्तर मिळालं तर काढा. "रुटीन आहे" असं आलं तर पुन्हा विचारा. आणि एक्स-रेचे पैसे बाजूवर असतात, समोरून एक आणि कडेनं एक म्हणजे दोन, हे माहीत नसल्यानं लोक बिलावर 'दोन' बघून चिडतात.

दोरा कुठला, यावरही फरक पडतो. वरच्या कातडीला साधा नायलॉन चालतो, तो नंतर काढावा लागतो. आत विरघळणारा दोरा महाग, तो खोल जखमेला आतून लागतो. दोरा सुईसकट बंद पाकिटात येतो आणि पाकीट फोडलं की चार टाके पडोत नाहीतर एक, पैसे अख्ख्या पाकिटाचे.

काटकसर न करण्याची जागाही सांगतो. अंगठ्याचं टोक वाकवता किंवा सरळ करता येत नसेल, किंवा एक बाजू बधिर असेल, तर आत बोट हलवणारी दोरी (टेंडन) किंवा संवेदनेची नस तुटलेली असू शकते. तिथं हाताच्या सर्जनला बोलावतो म्हटले तर बोलावू द्या. तो खर्च टाळून जन्मभर मूठ न वळणारे मी पाहिलेत.

आणि चेहरा. सगळ्यात मोठी उडी इथंच असते, आणि ती मीच मारली. काउंटरची नोकरी सोडून दोन वर्षं झाली होती. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर पोरगी घसरून पडली, हनुवटी फाटली. दीड इंच असेल. रक्त बघून मी सरळ म्हणालो, "प्लास्टिक सर्जनलाच बोलवा." कुणी मला सुचवलंसुद्धा नव्हतं. सर्जन आले, पोरगी हलते म्हणून भूलतज्ज्ञ आले, भूलतज्ज्ञ आले म्हणून ऑपरेशन थिएटर उघडलं, थिएटर उघडलं म्हणून आधी रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि नंतर चार तास बेड लागला. एका वाक्यानं पाच ओळी वाढल्या. मित्र शेजारी उभा राहून म्हणत होता, "कशाला घाबरालाय बे, ड्युटीच्या डॉक्टरला आधी विचार तरी." मी नऊ वर्षं लोकांना हेच सांगत आलो होतो. हनुवटीखालची जखम बरेच ड्युटी डॉक्टर बधिर करायचं इंजेक्शन देऊन पाच मिनिटांत शिवतात. पापणी, ओठाची कडा, नाकपुडी यांची गोष्ट वेगळी, तिथं तज्ज्ञ हवा.

"एक सलाईन लावा डॉक्टर"

मे महिन्यात सोलापूरचा पारा त्रेचाळीसला टेकतो तेव्हा दवाखान्यांत हे वाक्य दिवसभर ऐकू येतं. पेशंटच मागतो. थकवा आला, लावा सलाईन. दोन जुलाब झाले, लावा सलाईन. आणि मग बिल बघून तोच ओरडतो.

सलाईनची बाटली स्वतः स्वस्त असते. पण ती एकटी येत नाही. हाताला लावायची सुई, नळीचा संच, चिकटपट्टी, बाटलीत टोचायची व्हिटॅमिनची पिवळी एम्पुल, उलटीचं इंजेक्शन, ॲसिडिटीचं इंजेक्शन, ते देण्याचे नर्सिंगचे पैसे, आणि बाटली संपेपर्यंत अडीच-तीन तास बेड. ज्याला तोंडानं पाणी जातंय आणि पचतंय, त्याला ओआरएसची पुडी पुरते. एक लिटरची पुडी एक लिटर पाण्यातच घाला, ग्लासभर पाण्यात घट्ट करू नका. ओआरएससारखं नाव लावून विकली जाणारी गोड पेयं वेगळी. २०२५ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, तसं नाव वापरायला मनाई केलीय, तरी पुडी घेताना वरचं वाचून घ्या.

सलाईन कधी खरंच लागतं? पाण्याचा घोटही राहत नाही, सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेले, पोर मलूल पडलंय, म्हातारा माणूस बरळतोय. तेव्हा वाट बघू नका. पण ते डॉक्टरांना ठरवू द्या, तुम्ही मागू नका. एवढी एक सवय सोडली तरी वर्षाला चार पैसे वाचतात.

"रात्रभर ठेवूया"

बिलाचा खरा उंबरठा हा. त्याच्या अलीकडं शेकड्यांत हिशेब असतो, पलीकडं हजारांत.

वरचाच अंगठा घेऊ. टाके झाले, थोडी चक्कर आली, "एक रात्र निरीक्षणाखाली ठेवू" असं ठरलं. मग बेड १,८००, नर्सिंग ४००, डॉक्टरांच्या दोन व्हिजिट १,२००, सलाईन-इंजेक्शनं १,५००, रक्त-लघवी १,४००. आधीचे ३,३५० धरून ९,६५०. अंगठा तेवढाच.

त्यात खोलीचा खेळ नवीन माणसाला ठाऊक नसतो. बऱ्याच रुग्णालयांत बेडचा वर्ग चढला की फक्त बेडचं भाडं चढत नाही, डॉक्टरांची व्हिजिट, नर्सिंग, कधी तपासण्यासुद्धा वरच्या दरानं लागतात. "स्पेशल रूमच शिल्लक आहे" म्हणाले तर विचारा, जनरल रिकामा होईपर्यंत जनरलचा दर लावाल का? काही ठिकाणी लावतात. बेडचा दिवस कुठून कुठपर्यंत धरतात तेही विचारा. रात्री अकराला दाखल आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला सुट्टी, याचा कुठं एक दिवस होतो, कुठं दोन.

ठेवणं गरजेचं असतं तेव्हा ठेवाच. डोक्याला मार लागून उलट्या होतायत, मधे शुद्ध गेली होती, डोकेदुखी वाढतेय, कानानाकातून पाणी किंवा रक्त येतंय, तर सीटी स्कॅन आणि निरीक्षण दोन्ही हवेत. फरक ओळखायचा असेल तर डॉक्टरांना एकच विचारा: "रात्रीतून काय होईल अशी भीती आहे?" ज्याच्याकडं कारण आहे तो एका वाक्यात सांगतो.

मेडिकलचा काउंटर

रुग्णालयातल्या मेडिकलमधूनच औषधं घ्यावीत अशी सक्ती करता येत नाही. रुग्ण हक्कांच्या सनदेत औषधं आणि तपासण्या कुठून घ्यायच्या हे निवडण्याचा हक्क आहे. पण रात्री अकराला जखम उघडी असताना कुणी नव्या पेठेत औषध शोधायला जात नाही, आणि जाऊही नये. टाक्याचं सामान तिथंच घ्या. घरी न्यायच्या पाच दिवसांच्या गोळ्यांची चिठ्ठी मात्र खिशात ठेवा. त्या सकाळी बाहेरून किंवा जनऔषधी केंद्रातून घेता येतात.

सगळ्यांत विसरली जाणारी गोष्ट: न वापरलेलं परत करा. दाखल झालात तर सामान पिशवीभर येतं. हातमोज्यांच्या जोड्या, सिरिंजा, दोन जादा बाटल्या. सुट्टीच्या आधी पिशवी घेऊन मेडिकलला जा, बिलं दाखवा, सीलबंद असेल ते परत घ्यायला सांगा. बऱ्याच ठिकाणी घेतात. आमच्याकडं दहातले दोन जण परत करायचे, बाकीचे ती पिशवी घरी नेऊन कपाटात ठेवायचे.

डॉक्टरांच्या फीवर, टाक्यांवर जीएसटी लागत नाही. औषधाच्या एमआरपीत कर धरलेलाच असतो. वर वेगळा कर लावलेला दिसला तर विचारा.

कुत्रं चावलं तर

रेबीजची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. तिथं बहुधा कातडीत देतात. पहिल्या डोसाचा दिवस शून्य धरायचा, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. खासगीत दंडात देतात तेव्हा चौदावा दिवस वाढतो. लसीचा खर्च समजण्यासारखा असतो. फटका बसतो तो दुसऱ्या इंजेक्शनाचा. रक्त आलेल्या चाव्याला जखमेच्या आत आणि भोवती इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडं) द्यावं लागतं आणि त्याचा डोस वजनावर ठरतो. सत्तर किलोच्या माणसाला वीस किलोच्या पोरापेक्षा साडेतीनपट लागतं, बिलही तसंच वाढतं. सिव्हिलला जा. एकही तारीख चुकवू नका, आणि "ओळखीचं कुत्रं आहे" म्हणून घरी बसू नका.

पैसे कोण देणार

बहुतेक वेळा तुम्हीच. ही निराशा आधीच पचवून ठेवा.

मेडिक्लेम असला तरी साध्या पॉलिसीत किमान चोवीस तास दाखल असावं लागतं किंवा ठरावीक डे-केअर (त्याच दिवशी घरी सोडतात असा) उपचार असावा लागतो. टाके घालून घरी आलात तर ओपीडीचं कव्हर वेगळं घेतलं नसेल तर काही मिळत नाही. मग कुणीतरी सुचवतं, "दाखल व्हा, क्लेममध्ये बसवू." नको. नुसत्या तपासण्या आणि निरीक्षणासाठी दाखल झालं तर कंपनी क्लेम नाकारू शकते, तसं पॉलिसीतच लिहिलेलं असतं. मग साडेतीन हजारांच्या जागी साडेनऊ हजार खिशातून गेले.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचंही तसंच. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी नावानं ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात सोलापूर होतं. आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण ती ठरलेल्या मोठ्या उपचारांची आहे, अंगठ्याच्या चार टाक्यांची नाही. हाड मोडून ऑपरेशन लागलं तर मात्र आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, गाठा, पैसे भरायच्या आधी.

कारखान्यात कामाला असाल आणि पगार महिना एकवीस हजारांच्या आत असेल तर ईएसआयचं (कामगार राज्य विम्याचं) कार्ड आहे का ते आजच बघा. विमा क्रमांकाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पॉवरलूमवर बोट सापडलं तर कामावरच्या अपघाताची नोंद मालकाकडून त्याच दिवशी करून घ्या, नंतर सगळेच विसरतात.

रस्त्यावर गाडीनं उडवलं असेल तर केंद्राची मे २०२५ पासूनची योजना आहे, नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंतचा उपचार रोख न भरता. अपघाताची पोलिसांत नोंद लागते. म्हणून "किरकोळ आहे, मिटवून टाकू" म्हणण्याआधी विचार करा.

निघताना

छापील बिल घ्या, पेन्सिलच्या आकड्यांची चिठ्ठी नको. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचा. न झालेली ड्रेसिंग, न आलेली व्हिजिट, दोनदा लागलेलं तेच इंजेक्शन या नेहमीच्या चुका. बऱ्याच चुका मुद्दाम नसतात, रात्रपाळीत घाईनं झालेल्या असतात, आणि हळू आवाजात दाखवल्या तर जागच्या जागी दुरुस्त होतात. ओरडलात तर मॅनेजर सकाळी येतो. दरपत्रक आणि बिल जुळत नसेल आणि कुणी ऐकत नसेल तर शहरातल्या खासगी दवाखान्याची लेखी तक्रार महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडं करता येते. बिलाची प्रत जोडा.

टाके कधी काढायचे आणि त्याचे पैसे यातच आहेत का तेही तेव्हाच विचारून घ्या. चेहऱ्याचे साधारण पाचव्या दिवशी, हाताचे आठ-दहा दिवसांनी निघतात. पोरीच्या हनुवटीचे काढायला आम्ही परत त्या थिएटरच्या दिशेला गेलो नाही. गल्लीतल्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर सारून दोन मिनिटांत दोरे काढले, पन्नास रुपये मागितले. मी सवयीनं बिल मागितलं. ते म्हणाले, "कशाचं? दोऱ्याचं का कात्रीचं?"